प्रत्येक नियमामागे एक जीव

अंदमानात वंडूर नावाचं गाव आहे. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, साधारण ३० किलोमीटरवर. तिथल्या धक्क्यावरून जॉली बॉय नावाच्या छोट्याशा बेटावर बोटी जातात. पण बोटीत पाय ठेवण्याआधी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या जातात, बरं का! वेफर्सचं पाकीट? बाहेर. प्लास्टिकची पिशवी? बाहेर. मग सूचना सुरू होतात. शंख-शिंपले उचलायचे नाहीत. प्रवाळावर उभं राहायचं नाही. माशांना खायला घालायचं नाही. सोमवारी यायचंच नाही, कारण त्या दिवशी सगळं बंद. आणि वर्षातले काही महिने तर अख्खं बेटच बंद!

सुट्टीत मजा करायला गेलेल्या कुणालाही वाटेल, बापरे, एवढे नियम कशाला?

तर दोस्तांनो, यातला एकही नियम उगाच केलेला नाही. प्रत्येक नियमामागे कुणीतरी राहतं. कुणाला दहा पाय आहेत, कुणाला चोच आहे. कुणी तीन-चारशे किलो वजनाचं आहे, तर कुणी इतकं लहान की बघायला भिंग हवं. चला, एकेक नियम घेऊ आणि त्याच्यामागे कोण आहे ते शोधू.

आधी जागा बघून घेऊ

अंदमान आणि निकोबार म्हणजे बंगालच्या उपसागरातली आठशेहून जास्त लहानमोठी बेटं आणि खडक. माणसं राहतात ती त्यांतल्या फक्त तीसेक बेटांवर. म्यानमारमधली आराकान योमा ही डोंगररांग दक्षिणेकडे येता येता समुद्रात बुडते. तिचे उंच उंच माथे तेवढे पाण्याबाहेर राहिले, तीच ही अंदमानची बेटं. म्हणजे तिथल्या पुळणीवर तुम्ही उभे असता, तेव्हा खरं तर एका बुडालेल्या डोंगराच्या माथ्याजवळ उभे असता! त्यातलं सर्वांत उंच शिखर उत्तर अंदमानातलं सॅडल पीक, ७३२ मीटरचं. तेही एक राष्ट्रीय उद्यान आहे.

या बेटांवर अशी एकूण ९ राष्ट्रीय उद्यानं आहेत. त्यांतल्या तीन चिमुकल्या बेटांची नावं तर ऐका: नॉर्थ बटन, मिडल बटन आणि साउथ बटन. तिन्ही बटनं स्वतंत्र राष्ट्रीय उद्यानं!

वंडूरचं आहे ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८३ साली स्थापन झालेलं, सुमारे २८१ चौरस किलोमीटरचं. त्यात १५ बेटं आणि त्यांच्यामधला समुद्र येतो. म्हणजे या उद्यानाचा बराचसा भाग पाण्याखाली आहे. तो बघायला काचेच्या तळाच्या बोटी असतात, नाहीतर तोंडात नळी धरून आणि डोळ्यांवर चष्मा लावून पाण्यावर पालथं तरंगायचं.

धक्का सुटला की बोट खारफुटीच्या जंगलाच्या कडेकडेने जाते. झाडांकडे नीट बघा. काही झाडांच्या फांद्यांवर हिरव्या, लांबट शेंगा लोंबत असतात. त्या शेंगा नव्हेत, ती कांदळाची रोपं आहेत! कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, आईच्या अंगावरच वाढतं आणि चांगलं लांब झालं की खाली पडतं. ओहोटी असेल तर थेट चिखलात रुततं, भरती असेल तर तरंगत दुसरा किनारा गाठतं. मात्र या पाण्यात हात घालायचा नाही, कारण इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी राहतात. आज पृथ्वीवर असलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांत सर्वांत मोठी हीच जात. तिच्यापायी लावलेल्या पाट्या मात्र तुमच्या जिवासाठी आहेत!

‘प्रवाळावर उभं राहू नका’

बोटीच्या काचेतून खाली बघितलं की रंगीत खडकांचं रान दिसतं. कुठे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, कुठे थाळ्यांचे थर, कुठे मोठमोठे गोल धोंडे. वाटतं, काय सुंदर दगड आहेत! पण हे दगड नाहीत. झाडंही नाहीत. हे प्राणी आहेत.

जरा जवळ जाऊ. अगदी जवळ, नाक लागेल इतकं. त्या गोल धोंड्यावर तुम्हाला शेकडो बारीक बारीक खळगे दिसतील. प्रत्येक खळग्यात एक पॉलिप राहतो. मऊ, पारदर्शक, काही मिलिमीटरचा. त्याच्या वरच्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती नाजूक सोंडांचं कडं. या सोंडांमध्ये विषारी डंख असतात. दिवसा बहुतेक पॉलिप अंग आक्रसून खळग्यात बसतात. रात्र झाली की सोंडा बाहेर काढतात आणि पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म जीव पकडून खातात. पोटात जायची वाट तीच आणि उरलेला चोथा बाहेर टाकायची वाटही तीच. पॉलिपला एवढं एकच दार असतं!

पण नुसत्या शिकारीवर पॉलिपचं भागत नाही. म्हणून त्याने आपल्या अंगात भाडेकरू ठेवले आहेत. हे भाडेकरू म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवालं. पॉलिप त्यांना राहायला जागा देतो. ती सूर्यप्रकाशात साखर तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा भाडं म्हणून घरमालकाला देतात. या खाण्याच्या जोरावर पॉलिप समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम वापरून अंगाखाली चुनखडीची वाटी बांधतो. एकाला लागून दुसरी, खालच्यावर वरची, अशा लाखो वाट्या मिळून प्रवाळाचा खडक तयार होतो. जिवंत भाग असतो तो फक्त वरचा पातळसा पापुद्रा. आतलं सगळं जुनं बांधकाम.

आता या पापुद्र्यावर कुणी पाय ठेवला तर? पॉलिप चिरडतात. फांदी असेल तर मोडते. आणि ती भरून यायला किती वेळ लागतो माहीत आहे? फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात. गोल धोंड्यासारखे प्रवाळ मात्र वर्षाला साधारण एकच सेंटिमीटर. चला, गणित करू. समजा, तुमच्या उंचीएवढा, १३० सेंटिमीटरचा धोंडा आहे. म्हणजे त्याचं वय सुमारे १३० वर्षं. तो वाढायला लागला त्याच सुमारास, १८९६ मध्ये, पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेल या तुरुंगाचं बांधकाम सुरू झालं. १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना त्या तुरुंगात आणलं, तेव्हा हा धोंडा जेमतेम वीतभर होता. पोहणाऱ्याने दमून दोन मिनिटं त्यावर उभं राहायचं ठरवलं, तर एवढ्या वर्षांच्या कामावर तो पाय पडतो.

म्हणून पोहताना दमलात तर पाठीवर तरंगा, लाइफ जॅकेट घाला, बोटीचा दोर धरा. पण खाली पाय टेकू नका. आणि उन्हासाठी अंगभर क्रीम फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. काही सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं पाण्यात उतरली की प्रवाळाच्या पिल्लांना अपाय करतात. हवाई बेटांवर आणि पलाऊ या देशात अशा क्रीमच्या विक्रीवर बंदीच आहे.

‘माशांना खायला घालू नका’

प्रवाळाच्या रानात पोहताना कान पाण्याखाली ठेवून शांत राहिलात, तर एक आवाज येतो. कर्र, कर्र, कुर्रम! कोण बरं एवढं कडक काही चावतंय?

तो पोपटमासा. निळा-हिरवा-गुलाबी आणि खरोखरच चोच असलेला. त्याचे दात एकमेकांना चिकटून ही चोच बनते आणि ती इतकी टणक असते की प्रवाळाचा खडक सहज खरवडते. त्याला खरं तर हवं असतं ते खडकावर आणि खडकाच्या आत वाढलेलं शैवाल. पण ते काढताना खडकही तोंडात येतो. मग घशात असलेल्या दुसऱ्या दातांच्या जात्यात सगळं दळलं जातं, खाण्याजोगं ते पचतं आणि खडकाचं पीठ मागच्या बाजूने बाहेर पडतं. ते पीठ म्हणजे वाळू! मोठ्या जातीचा एकेक पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. प्रवाळबेटांवरच्या ज्या पांढऱ्याशुभ्र पुळणीवर आपण किल्ले बांधतो, तिच्यातली बरीचशी वाळू अशी माशांच्या पोटातून आलेली असते. काय? हसू आलं? येऊ दे, पण गोष्ट खरी आहे.

आता विचार करा. बोटीतल्या माणसांनी पावाचे तुकडे टाकले तर मासे काय करतील? पावाकडे धावतील. खडकावरचं शैवाल खायचं राहून जाईल. शैवाल भराभर वाढेल, प्रवाळावर पसरेल, त्याचा प्रकाश अडवेल आणि लहान प्रवाळांना बसायला जागाच ठेवणार नाही. पोपटमासे, सर्जनमासे ही या रानाची माळीमंडळी आहेत. त्यांना त्यांचं काम करू द्यायचं, म्हणून हा नियम.

‘शंख-शिंपले उचलू नका’

हा नियम पाळणं सर्वांत अवघड, हो ना? पुळणीवर एखादा सुंदर, नक्षीदार शंख पडलेला दिसला की हात आपोआप पुढे जातो. थांबा! आधी गुडघ्यांवर बसा आणि फक्त मिनिटभर हालचाल न करता बघत राहा. अनेकदा काय होतं सांगू? शंख चालायला लागतो.

आधी शंखाच्या तोंडाशी मिशा हलतात. मग देठांवर बसवलेले दोन डोळे बाहेर येतात. धोका नाही असं दिसलं की पाय बाहेर पडतात आणि शंख पाठीवर घेऊन खेकडा तुरुतुरु निघतो. हा शंखातला खेकडा. याच्या शरीराचा मागचा भाग मऊ असतो, त्यावर कवच नसतं. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधून तो त्यात राहतो. पण खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. मग याला मोठं घर शोधावंच लागतं.

आणि इथे घडते एक अफलातून गोष्ट. पुळणीवर एखादा मोठा रिकामा शंख आला की एक खेकडा तो तपासायला जातो. आपल्याला जरा मोठा होतोय असं दिसलं की तो तिथेच थांबतो. दुसरा येतो, तोही थांबतो. हळूहळू हे खेकडे आकारानुसार रांग लावतात. सर्वांत मोठा पुढे, सर्वांत लहान मागे. मग नेमका बसेल असा खेकडा आला की तो मोठ्या शंखात शिरतो, त्याच्या रिकाम्या शंखात मागचा शिरतो, त्याच्या शंखात त्याच्या मागचा. काही क्षणांत सगळ्यांची घरं बदलतात!

आता त्या पहिल्या शंखाची जागा तुमच्या घरच्या शोकेसमध्ये असती तर? एका शंखापायी अख्ख्या रांगेचं घर हुकलं असतं.

प्रवाळाचे तुकडेही उचलायचे नाहीत, पुळणीवर पडलेले मेलेले तुकडेसुद्धा नाहीत. २००१ पासून आपल्या देशात खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कडक संरक्षण आहे. परतताना सामानात प्रवाळ सापडलं, तर ते जप्त होतं आणि गुन्हा दाखल होऊ शकतो.

‘प्लास्टिक आणू नका’

या नियमामागे आहेत समुद्री कासवं. अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर चार जातींची कासवं अंडी घालायला येतात. त्यांतलं सर्वांत मोठं आहे चामडी पाठीचं कासव, म्हणजे लेदरबॅक. त्याच्या पाठीवर कडक कवचाऐवजी जाड, चामड्यासारखी कातडी असते. लांबी दोन मीटरपर्यंत आणि वजन पाचशे किलोंच्याही वर जाऊ शकतं.

एवढा मोठा प्राणी खातो काय? जेलीफिश! आणि जेलीफिश गुळगुळीत, निसरडे. ते निसटू नयेत म्हणून या कासवाच्या घशात आतल्या दिशेने वळलेले शेकडो टोकदार काटे असतात. घास एकदा आत गेला की मागे येत नाही. आता पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी डोळ्यांपुढे आणा. पारदर्शक, फुगलेली, हळूहळू हलणारी. कासवाला ती जेलीफिशच वाटते. ते गिळतं. आणि चूक कळली तरी थुंकता येत नाही, कारण घशातले काटे ती पिशवी बाहेर येऊच देत नाहीत. वाऱ्याने उडालेलं तुमच्या वेफर्सचं एक पाकीट इतकं नुकसान करू शकतं.

शिवाय ही कासवं फार लांबचे प्रवासी आहेत. लिटल अंदमानात अंडी घालून गेलेल्या काही माद्यांच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं बसवली होती. त्यांतल्या काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडे गेल्या, तर काही थेट आफ्रिकेच्या दिशेने! म्हणजे अंदमानचा किनारा स्वच्छ राहिला, तर त्याचा फायदा हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रालाही होतो.

रात्री कासवांच्या किनाऱ्यावर विजेरी लावू नका, हाही नियम असतो. वाळूतून बाहेर आलेली पिल्लं जिकडे उजेड जास्त, तिकडे धावतात. रात्री मोकळ्या किनाऱ्यावर जास्त उजेड समुद्रावरच असतो, म्हणून ती बरोबर पाण्यात पोचतात. विजेरीचा झोत दिसला की ती उलट दिशेला वळतात.

‘बोट हळू चालवा’

हा नियम बोटवाल्या काकांसाठी, पण त्यामागचा जीव तुम्हाला ठाऊक असायला हवा. पूर्वेकडे हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाच्या परिसरात राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९९६ साली जाहीर झालं. त्या भागातल्या उथळ समुद्रात पाण्याखाली गवताची कुरणं आहेत. दिसायला गवतासारखी, पण पाण्यातच फुलणारी ही वनस्पती! आणि या कुरणांवर चरतो डुगाँग.

डुगाँग हा अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी. तो मासा नाही, सस्तन प्राणी आहे. पिल्लाला दूध पाजतो, नाकाने हवा घेतो आणि त्याचं जवळचं नातं हत्तीशी आहे. दिवसाला तीसेक किलो गवत खातो. चरत पुढे गेला की वाळूत त्याच्या जबड्याने काढलेला लांब पट्टा दिसतो. दर काही मिनिटांनी त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच वेगाने जाणारी बोट त्याला धडकू शकते. मादीला काही वर्षांतून एकच पिल्लू होतं. त्यामुळे एक डुगाँग गेला, तर ती जागा भरायला फार वर्षं लागतात.

‘बेट बंद आहे’

जॉली बॉय बेट पावसाळ्याच्या सुमारास बंद होतं आणि त्या काळात पर्यटकांना रेड स्किन या जवळच्या बेटावर नेतात. जॉली बॉय उघडलं की रेड स्किन बंद. दोघांनाही आळीपाळीने विश्रांती!

प्रवाळाला ही विश्रांती फार गरजेची आहे, कारण त्याच्यावर एक मोठं संकट आलेलं आहे. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जरी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी पॉलिप आपल्या अंगातली शैवालं बाहेर टाकतो. प्रवाळाचा रंग मुख्यतः या शैवालांमुळे असतो. ती गेली की आतला पांढरा चुना दिसायला लागतो. याला म्हणतात प्रवाळाचं विरंजन. पाणी लवकर निवलं, तर शैवालं परत येतात आणि प्रवाळ वाचतो. नाही निवलं, तर तो उपाशी मरतो. अंदमानात २०१० साली उन्हाळ्यात असं मोठं विरंजन झालं होतं. जगातल्या समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या जीवजातींपैकी जवळजवळ एक चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयाने राहतात. तापलेला समुद्र आपण एका दिवसात थंड करू शकत नाही. पण आजारी प्रवाळावर आणखी पाय पडणार नाहीत, एवढं नक्की बघू शकतो.

काही बेटांवर तर पर्यटकांना सहजासहजी जाता येत नाही, आणि तेही योग्यच आहे. नारकोंडम हे जेमतेम सात चौरस किलोमीटरचं बेट घ्या. तिथला नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त त्या एकाच बेटावर राहतो.

घरी करून बघा

अंड्याचं रिकामं टरफल धुऊन घ्या आणि वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवा. लगेच बुडबुडे दिसतील. एक दिवस ठेवलंत, तर टरफलाचा कडकपणा जातो आणि आतला मऊ पापुद्रा उरतो. अंड्याचं टरफल आणि प्रवाळाचा खडक एकाच पदार्थाचे, कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. हा पदार्थ आम्लात विरघळतो. गाड्या आणि कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो, तेव्हा पाण्याची आम्लता थोडी थोडी वाढते आणि पॉलिपना आपल्या वाट्या बांधणं अवघड होत जातं. समुद्र काही व्हिनेगर होणार नाही, पण एवढासा बदलही त्यांना जाणवतो.

आणि आपला समुद्र?

हे सगळं बघायला अंदमानलाच जायला हवं असं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, मालवणला, आपल्या महाराष्ट्राचं सागरी अभयारण्य आहे. १९८७ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. तिथेही प्रवाळ आहेत. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे. तिथे प्रवाळांची मोठी वस्ती आहे आणि त्या जागेला कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि गावकरी ती घरटी सांभाळतात.

म्हणून यंदाच्या सुट्टीत अंदमानला जा, मालवणला जा, नाहीतर जवळच्या कुठल्याही किनाऱ्यावर जा. बरोबर स्टीलची बाटली, कापडी पिशवी, एक भिंग आणि वही-पेन्सिल घ्या. जे दिसेल त्याचं चित्र काढा, नाव माहीत नसेल तर तिथल्या कोळीकाकांना किंवा वनरक्षकांना विचारा. कुणी शंख उचलताना किंवा प्रवाळावर पाय ठेवताना दिसलं, तर त्यांना नुसतं ‘नको’ म्हणू नका. त्यामागे कोण राहतं, ते त्यांनाही सांगा.